मशीनचा दहावा

मॅडम,

कावळा लगेच आला.

गुरुजींनी पिंड मांडला, सगळ्यांना जरा मागे सरायला सांगितलं, आणि लोक अजून मागे सरतायत तोवर तो समोरच्या झाडावरून थेट खाली उतरला. इकडेतिकडे बघणं नाही, उड्या मारत लांबून अंदाज घेणं नाही. भाताला चोच लावली, घास उचलला आणि कृष्णेच्या पलीकडे निघून गेला. तुमच्या भावाने जोडलेले हात तसेच राहिले. वहिनींनी काहीतरी बोलायची तयारी केली होती, त्यांनी तोंड उघडायच्या आत सगळं उरकलं होतं. घाटावरच्या बायका म्हणाल्या, "भाग्यवान हो बाई! काही म्हणता काही इच्छा राहिली नव्हती."

मला मात्र राग आला. मी ऑफिसच्या लोकांबरोबर मागे उभी होते, डोक्यावर ओढणी घेऊन, मनात एक वाक्य घोळवत. कावळा आला नाही, भावाचं बोलून झालं, वहिनींचं बोलून झालं आणि तरीही नाहीच आला, तर पुढे होऊन म्हणायचं असं मी ठरवून आले होते: "मॅडम, मी मशीन बंद करते." रिक्षातून येताना पुटपुटून पाहिलंही होतं, रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. हे वाक्य माझ्या तोंडून निघावं म्हणून तुम्ही महिनोन्महिने वाट पाहिलीत आणि ऐन वेळी मला संधीच दिली नाहीत. राग आला तसं हायसंही वाटलं, हेही सांगून टाकते. वाक्य माझ्यापाशी राहिलं आणि मशीनही राहिलं.

आणखी एक गोष्ट. इतकं रडू येत असताना घाटावर मला जिलबीचा वास येत होता. शेजारी उभ्या प्रमोदलाही येत असणार, कारण त्याने माझ्याकडे बघितलं आणि पटकन मान फिरवली. आपल्या सेलमध्ये दहावा म्हटलं की जिलबीच आठवते, त्याला कोण काय करणार?

परक्या माणसाला हे सांगितलं तर तो आपल्याला वेड्यात काढेल. कुपवाडच्या एमआयडीसीत फवारणीचे पंप बनवणारी आपली कंपनी. तिच्या गोडाऊनचा एक कोपरा पार्टिशन घालून दिलेला, दारावर 'इनोव्हेशन सेल' अशी पाटी, आणि आत तुम्ही. नव्या कल्पना शोधायच्या, चालतील त्या वाढवायच्या, चालणार नाहीत त्या वेळेत थांबवायच्या, एवढं आपलं काम. पाटी वाचून आत आलेले पाहुणे कौतुकाने विचारायचे, "मग, नवीन काय शोधलंत?" आणि तुम्ही त्याहून जास्त उत्साहाने नवीन काय बंद केलं ते सांगायला बसायचात. पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

प्रोजेक्ट बंद झाला की तुम्ही त्याचा दहावा घालायचात. टेबलाच्या मधोमध गरम जिलबीचं ताट, शेजारी त्या बिचाऱ्या वस्तूचा नमुना. प्रत्येकाने एवढंच सांगायचं, की ह्याचं काय राहिलं. जे राहिलं असेल ते कुणीतरी अंगावर घ्यायचं. ज्याची कल्पना, त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं आणि "बंद मी केलं" असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. तोवर ताटाला कुणी हात लावायचा नाही. मग तुम्ही पहिली जिलबी उचलायचात आणि म्हणायचात, "घ्या रे, कावळा आला." तुम्हाला शुगर, आम्ही सगळे ओरडायचो. "कावळ्याला कुठे शुगर असते?" असं म्हणत तुम्ही पाक चाटून मोकळ्या.

मी नवीन होते तेव्हा शहाणपणाने म्हटलं होतं, की गोडधोड तेराव्याला असतं, दहाव्याला नाही. तुम्ही म्हणालात, "कंपनीला तेरा दिवस सुतक परवडत नाही, बाई. आपण सगळं एकदम उरकतो."

ही पद्धत तुम्हाला कुठून सुचली ते तुम्ही एकदाच सांगितलंत. तुमच्या वडिलांच्या दहाव्याला कावळा येईना. ऊन चढलं, गुरुजी घाईला आले. भावाने घराचं वचन दिलं, तुम्ही शिक्षणाचं दिलंत, काकांनी आणखी कशाकशाचं दिलं. शेवटी आई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "तुमची सायकल विकणार नाही." आणि तो आला. "योगायोग असणार, मला कळतं," तुम्ही म्हणालात, "पण त्या तासाभरात आमच्या अख्ख्या घराने, ह्या माणसाला खरंच काय हवं होतं, ह्याचा विचार केला. तो जिवंत असताना केला नव्हता तेवढा. कंपनीत प्रोजेक्ट मरतो तेव्हा एक मिनिट तरी कुणी असा विचार करतं का? त्याला कपाटात कोंबतात आणि म्हणतात, होल्डवर आहे." 'होल्ड' ह्या शब्दाला आपल्या सेलमध्ये बंदी होती. फोनवर कुणी "होल्ड करा" म्हणालं तरी तुम्ही डोळे वटारायचात.

मी तुमच्याकडे आले ती डिझाइन सेक्शनमधून, एक ऑनलाइन कोर्स करून, सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून. म्हटलं, मला ह्यातच करिअर करायचंय, इनोव्हेशन मॅनेजर व्हायचंय. तुम्ही सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी बघितलंत. "छान आहे," म्हणालात, "ह्यातलं इंग्रजी इंटरव्ह्यूला उपयोगी पडेल." मग विचारलंत, "उद्या काय करतेस? मार्केट यार्डात जा. हळदीचे सौदे चालतात तिथे दिवसभर उभी राहा. एकही आयडिया आणायची नाही. काय दिसलं ते येऊन सांग."

मी गेले आणि अर्थातच पिशवीभर आयडिया घेऊन आले. पोती उचलायची गाडी, सौदे बोलायचं ॲप, धूळ ओढायचा पंखा. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "आणि दिसलं काय?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलंत. तेव्हा मी घरी फोन करून म्हटलं होतं, की बाई विक्षिप्त आहे. मग पुन्हा गेले, आणि त्या खेपेला एक हमाल दिसला, जो पोतं पाठीवर घेण्याआधी प्रत्येक वेळी ते तळहाताने थोपटायचा. का, ते मला कळलं नाही आणि मी तसंच येऊन सांगितलं. तुम्ही खुर्ची जवळ ओढलीत. "हं, आता बोल." तो हमाल का थोपटायचा हे आपल्याला कधीच कळलं नाही, पण त्या दिवशी तुम्ही मला सेलमध्ये घेतलंत.

तुम्हाला बघताना मी किती वेळा थक्क झालेय ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्या तोंडावर कौतुक करायची सोय नव्हती, तुम्ही लगेच विषय बदलायचात. आता ऐकावंच लागेल. तासगावकडच्या त्या द्राक्षबागेतलं घ्या. पाठीवरच्या पंपाची टाकी मोठी करायची असं सगळ्यांनी ठरवलं होतं. टाकी मोठी म्हणजे भरायच्या खेपा कमी, ह्यात चुकीचं काही दिसत नव्हतं. सेल्सवाले खूश, साहेब खूश. बागेत आम्ही सगळे नोझलभोवती वाकून उभे होतो आणि तुम्ही एका बाईच्या जुन्या पंपाचं झाकण उघडून आत डोकावत होता. बऱ्याच वेळाने हाक मारलीत. टाकीच्या आत, बरोबर मध्यावर, औषधाचा पांढरा डाग पडलेला होता. त्याच्यावर टाकी कोरी. "ही बाई टाकी कधी भरतच नाही," तुम्ही हळूच म्हणालात, "अर्धीच घेते. खांद्याला झेपत नाही." त्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "आवं, भरल्याली टाकी घिऊन उभं तरी ऱ्हाता येतंय का?" मोठ्या टाकीचा दहावा त्याच आठवड्यात झाला. आम्ही सगळे इंजिनिअर त्या पंपाकडे बघत होतो आणि दिसलं एकट्या तुम्हाला. येताना गाडीत हे म्हणाले असते तर तुम्ही चेष्टा केली असती.

मशीनची गोष्ट त्याच्यानंतरची.

आमचं घर माणमधलं, दहिवडीच्या पलीकडे. मेंढरं पिढ्यानपिढ्यांची. माझे चुलते, नाना, आता फिरतीवर जात नाहीत, थोडी ज्वारी-बाजरी करतात, पण मेंढरं आहेतच. लहानपणी लोकर कातरायचे दिवस आले की नाना संध्याकाळी कातरीने वळलेली बोटं कोमट पाण्यात घालून बसायचे. ते डोक्यात राहिलं होतं. मी बॅटरीवर चालणारं, हलकं, एका हातात मावणारं लोकर कातरायचं मशीन केलं. सेलमधली माझी स्वतःची अशी ती पहिली कल्पना. पहिला नमुना पावसाळ्यात गावी नेऊन ठेवला तेव्हा नानांनी तो डोक्याला लावला. खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, कातरीबरोबर मशीनचीही पूजा झाली. काकींनी मशीनच्या बटणावर भंडाऱ्याचं आणि कुंकवाचं बोट लावलेला फोटो पाठवला, तो मी सगळ्यांना दाखवत सुटले होते. दसऱ्यानंतर कातरणी झाली. फोनवर नाना म्हणाले, "तुज्या मशीननंच कातरली की गं सगळी! लय झ्याक!" मी ते वाक्य रिपोर्टमध्ये जसंच्या तसं घातलं.

तुम्ही रिपोर्ट वाचलात आणि म्हणालात, मला नानांना भेटायचंय.

दिवाळीनंतर आपण गेलो. तुम्ही काकींच्या चुलीपुढे फतकल मारून बसलात, भाकरी-ठेचा खाल्लात, डोळ्यांतून पाणी आलं तरी आणखी मागितलात. नानांबरोबर मेंढरांत फिरलात. मी शेळीचं करडू धरून फोटो काढण्यात गुंतले होते. मग तुम्ही मशीन बघायला मागितलंत. नानांनी कणगीमागून घोंगडीत गुंडाळलेलं मशीन आणलं. तुम्ही घोंगडी उलगडली, बघितलं, पुन्हा नीट गुंडाळून नानांच्या हातात दिलं. "छान जपलंय," एवढंच म्हणालात. मला वाटलं कौतुकच केलंत. मी फुगले.

येताना विट्याला चहाला थांबलो. शेजारच्या टेबलावर तमिळनाडूत सोनं गाळायच्या धंद्यात असलेला कुणीतरी, सुट्टीवर घरी आलेला, फोनवर तमिळमध्ये भांडत होता, आणि इकडे आपण मराठीत. तुमचं म्हणणं, लोकरीलाच गिऱ्हाईक राहिलं नाही, तर ती कातरायच्या मशीनला कुठून येणार? मी म्हणाले, गिऱ्हाईक तयार करू. तुम्ही म्हणालात, "ते लोकरीचं काम झालं, मशीनचं नव्हे." मी म्हणाले, आणखी एक हंगाम द्या. तुम्ही म्हणालात, "कशासाठी?" माझ्या तोंडून निघून गेलं, "निदान होल्डवर तरी ठेवू." तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. शेजारचा तमिळ बोलणाराही त्याच क्षणी गप्प झाला, हे माझं दुर्दैव.

मग तुम्ही जे म्हणालात ते मी तेव्हापासून घोकतेय. "बंद मीसुद्धा करू शकते, सारिका. एका सहीचं काम आहे. पण मी बंद केलं तर फक्त मशीन बंद होईल. तू केलंस तर तू तयार होशील." मी विचारलं, कशासाठी तयार? "तुला ज्यात करिअर करायचंय त्यासाठी. लोक स्वतःचं लेकरू घेऊन तुझ्याकडे येतील आणि तू त्यांना थांब म्हणणार आहेस. तुला तो अधिकार कुठून येणार?" मी तासगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. तुम्ही मुद्दाम गुणगुणत होता.

त्याच सुमारास पुण्याच्या मोठ्या कंपनीची जाहिरात आली. इनोव्हेशन मॅनेजर, अगदी मला हवी होती तशी जागा. मी म्हटलं, मी इथेच तुमच्या हाताखाली राहते. तुम्ही अर्ज माझ्याकडून समोर बसवून भरून घेतलात. दर रविवारी तुमच्या घरी इंटरव्ह्यूचा सराव सुरू झाला. तुम्ही इस्त्रीची साडी नेसून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून पुण्याचे साहेब व्हायचात. मी "आम्ही असं केलं, आम्ही तसं केलं" म्हणायला लागले की टेबलावर चमचा वाजवायचात. "आम्ही कोण? तू काय केलंस?" पोहे मात्र सराव संपल्यावरच मिळायचे. आणि दर वेळी शेवटचा प्रश्न तोच. "तुमची स्वतःची कोणती कल्पना तुम्ही स्वतः बंद केलीत, आणि का?" मी मोठी टाकी सांगायचे. "ती तुझी नव्हती." मी दुसरं काहीतरी सांगायचे. "ती मी बंद केली." मग मी पोह्यांकडे बघायचे. "हा प्रश्न येणार," तुम्ही म्हणायचात, "मी तिथे बसले असते तर मी हाच विचारला असता." आपलं बोलणं दर रविवारी इथेच येऊन थांबलं. तुम्हाला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या रविवारीसुद्धा.

दवाखान्यात भेटले तेव्हा वाटलं होतं की मशीनचं विचाराल. तुम्ही विचारलं नाहीत. नळ्या लावलेल्या, आवाज बसलेला, आणि म्हणालात काय, तर "मी म्हणायचं. आम्ही नाही." मी मान डोलावली. आभार मानायचे राहिले. आणि एक विचारायचंही राहिलं. तुम्ही स्वतःची कोणती कल्पना बंद केली होतीत, मॅडम? इतक्या वेळा तो प्रश्न ऐकला, पण उलटा तुम्हाला विचारावा हे मला सुचलंच नाही. तुमच्या भावाला विचारावं असं घाटावर मनात आलं होतं, पण मग वाटलं, ते तुमचं तुमच्याकडेच राहू दे.

दहाव्यानंतरच्या रविवारी मी गावी गेले. इंटरव्ह्यू आठवड्यावर आला होता. माझा बेत सोपा होता. मशीन घेऊन पुण्याला जायचं, टेबलावर ठेवायचं, चालू करून दाखवायचं. बंद केलेल्याचं काय विचारता, हे बघा चालू असलेलं! तुम्ही आता अडवायला नव्हता.

काकी चहा टाकत होत्या. नानांनी कणगीमागून घोंगडी आणून दिली. मी ओसरीवर उन्हात बसून ती उलगडली आणि बटणावर अंगठा ठेवायला गेले, तर तिथे भंडाऱ्याचं बोट होतं. खंडेनवमीचं. पिवळं, आणि त्याच्यावर कुंकवाचा ठिपका, फोटोत होता तसाच. पूजेनंतर मशीन एकदा जरी चालू केलं असतं तर अंगठ्याने ते पुसलं गेलं असतं, कारण त्या मशीनला दुसरीकडून सुरू करायची सोयच नाही. ती मी ठेवली नव्हती.

मी अंगठा उचलला. नाना समोर उकिडवे बसले होते.

"नाना, कातरणी मशीननं झाली न्हवं?"

"व्हय तर! तुला सांगितलं न्हवं का फोनवर. लय गुळगुळीत—"

मी मशीन त्यांच्यापुढे धरलं. ते बटणाकडे बघत राहिले. काकी आतून म्हणाल्या, "घावला न्हवं का आता? किती दिस लपवाचं लेकरापास्नं?"

नानांनी मुंडासं सारखं केलं. "आगं, मेंढरं बुजत्यात गं आवाजाला. पावसाळ्यात तू ठिवून गेलीस तवा, पूजंच्या आदी, एकदा धरलं तर सा-सात मेंढरं कुपाटी मोडून पळाली. आन् तू एवढी शिकून, एवढं आमच्यासाठी करून आणल्यालं... न्हाई म्हणवंना बघ." मग म्हणाले, "तुज्या म्याडमला म्या समदं सांगितलं हुतं. त्या दिशी मेंढरात फिरताना त्यांनी इचारलं, मशीन कितीदा चालवलं? लबाड बोलाया जमंना त्यांच्यापुढं."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, नाना, तिला तुमी सांगू नगा. म्या बी सांगणार न्हाई. तिला दिसंल."

मॅडम, मी तिथेच ओसरीवर रडले. घाटावर आलं नव्हतं इतकं रडू आलं. काकींना वाटलं मशीनसाठीच रडतेय, त्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "वापरू गं आमी, वापरू. कापूस घालू मेंढरांच्या कानात!" मग मला हसूही यायला लागलं.

म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. नानांनी सांगितलेलं होतं, शिवाय घोंगडी उलगडून तुम्ही तो ठिपका डोळ्यांनी बघितलेला होता. आणि तरी विट्याच्या टेबलावर तुम्ही माझ्याशी गिऱ्हाइकावरून भांडलात! एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. तुमच्या जागी मी असते तर केलंही असतं, मला तेवढा दम नाही. तुम्ही रविवारमागून रविवार पोहे परतत राहिलात, तोच प्रश्न विचारत राहिलात, दवाखान्यातसुद्धा ओठ मिटून राहिलात. तुम्ही जाणार हे तुम्हाला कळलं असेल की नाही, मला माहीत नाही. कळलं असलं तरीही तुम्ही सांगितलं नाहीत. 'तिला दिसंल.' माझ्यावर एवढा भरवसा आजवर कुणी टाकलेला नाही, माझ्या घरच्यांनीसुद्धा नाही. त्यांनी माया केली, म्हणून खोटं बोलले. तुम्ही काय केलंत त्याला मला शब्द सापडत नाही. मी नुसती बघत राहिलेय, अजून बघतेच आहे.

आता घाटावरच्या त्या कावळ्याचाही राग गेला. तुमची इच्छा राहिलीच नव्हती असं मी म्हणणार नाही. राहिली होती, पण ती पूर्ण होईल ह्याची तुम्हाला खात्री होती, म्हणून तो वाट बघत बसला नाही, असं मी धरून चाललेय. योगायोग असणार, मला कळतं.

आणि एवढं सगळं असूनही, मॅडम, आपलं भांडण मिटलेलं नाही बरं का. गिऱ्हाईक नाही हे काही मशीन बंद करायचं खरं कारण नव्हे. ते मी अजूनही मानत नाही. लोकरीला उद्या भाव येऊ शकतो. मी मशीन माझ्याच माणसांच्या हातात दिलं, जी मला कधीच नाही म्हणणार नव्हती, हे कारण आहे. तुम्ही म्हणाला असतात, दोन्ही एकच. मी म्हणाले असते, मुळीच नाही. संध्याकाळपर्यंत पुरलं असतं आपल्याला.

शुक्रवारी सेलमध्ये मशीनचा दहावा घातला. जिलबी प्रमोदने आणली, तुमच्या नेहमीच्याच दुकानातून. मशीन ताटाशेजारी ठेवलं, घोंगडीसकट, ठिपक्यासकट. एकेकाने सांगितलं. प्रमोद म्हणाला, मोटर माणसाच्या कानाला तरी बरी आहे, द्राक्षाच्या छाटणीच्या कात्रीला लावून बघू, ते राहिलंय आणि ते मी घेतो. कुणी म्हणालं, मूठ बाईच्या हाताला बरोबर बसते, तेवढी वाया घालवू नका. मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "ह्या मशीनबद्दल मला आपणहून कुणी खरं सांगितलं नाही. ते राहिलं. इथून पुढे माझी कुठलीही वस्तू आधी अशा माणसाकडे जाईल, ज्याला माझं नाव माहीत नाही. हे मी घेते." आणि मग ते वाक्य, जे घाटावर म्हणायचं राहून गेलं होतं. "बंद मी केलं."

आम्ही नाही म्हणाले, मॅडम. मी म्हणाले.

त्यानंतर काहीच झालं नाही. सगळे ताटाकडे बघत बसले. जिलबी गार व्हायला लागली. प्रमोदने हात पुढे केला आणि मागे घेतला. मला वाटलं, ह्यांना माझं पटलेलं दिसत नाही, की अजून काही बोलायचं राहिलंय? मी एकेकाचा चेहरा बघितला. मग लक्षात आलं. पहिली जिलबी उचलायचं काम तुमचं होतं, आणि खोलीतला प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता.

सोमवारी पुण्याला जायचंय. तो प्रश्न आला तर उत्तर आहे, आणि नाही आला तरी आहे.

मी हात पुढे केला, पहिली जिलबी उचलली आणि म्हणाले, "घ्या रे, कावळा आला."